हँडलवरचा हात

युसूफ वडगाव या गावातल्या सुंदररावांच्या आजोबांची मोटार मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कैक वर्षं पडून होती. सुंदररावांचा मुलगा बजरंग ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची कामं घरीच करायचा. उन्हाळाभर राबून त्यानं तिचं इंजिन मोकळं केलं. बटण दाबून चालू होणारी ती गाडी नव्हती. समोरून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागायचं.

दुपारी सुंदरराव स्टेअरिंगवर बसले. निवडणुकीच्या आधी या मोटारीतून गावभर फिरायचं त्यांच्या मनात होतं.

"दादा, स्टेअरिंगजवळची ती दांडी पार मागं ओढा," बजरंग म्हणाला. "ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटं फिरतंय. हँडल हात मोडतंय."

"ओढली. फिरव तू."

बजरंगनं वाकून हँडल मुठीत गच्च आवळलं. तेवढ्यात मुठीवर कुणाचा तरी हात आला. गार, खरबरीत. त्या हातानं त्याचा अंगठा हळूच सोडवला आणि बाकीच्या बोटांशेजारी आणून ठेवला. वडीलच उतरून आले असतील असं वाटून बजरंगनं वर न बघता हिसका दिला.

बार उडाल्यासारखा आवाज झाला. हँडल उलटं फिरलं, बोटांतून निसटलं आणि मनगट खरवडून गेलं. अंगठा हँडलभोवती आवळलेला असता तर मुळापासून तुटला असता.

त्यानं वर बघितलं. सुंदरराव जागेवरच होते. दांडी अर्धीच ओढलेली होती.

"दादा, तुमी खाली आलते?"

"न्हाई. कावून?"

बजरंगनं सांगितलं. सुंदरराव खाली उतरले आणि मोटारीपासून लांब जाऊन उभे राहिले.

"आजोबांचा ड्रायव्हर व्हता, आसाराम," ते म्हणाले. "इथंच हँडल उलटलं त्याच्यावर."

"आत कोण बसलं व्हतं?"

"आजोबाच," सुंदरराव म्हणाले.

आसारामची लेक जानकीबाई गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. जन्मभर ऊसतोडीला गेलेली. आता थकली, म्हणून पोरं कारखान्यावर गेली की एकटीच घर सांभाळायची. संध्याकाळी बजरंग तिच्याकडं गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हात कोणता व्हता, लेकरा?"

बजरंगनं आपल्या मुठीवर हात ठेवून बघितला, मग दुसरा ठेवून बघितला. "डावा."

"उजवा डाक्टरनं कापलाच व्हता. तरी वीख चढलं, त्यात गेला बा." तिनं मूठ धरून अंगठा बोटांशेजारी ठेवून दाखवला. "अंगठ्याचं लई सांगायचा. आईला जात्याचा खुंटाबी तसाच धरायला लावायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत मळ्यात आली. सुंदररावांनी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"जानकीबाई, मोटार आता चालू करायची न्हाई आमी," ते खाली बघत म्हणाले.

ती हँडलपाशी गेली, पण त्याला हात लावला नाही.

"बा, झालं तुजं काम," ती म्हणाली. "चल घरी."

बजरंगनं तिला सोडायला जीप काढली होती. पण ती पायवाटेच्या अगदी कडेनं निघाली. पाय काट्याकुट्यात पडत होते, तरी शेजारची चांगली वाट तिनं मोकळी सोडली होती. मधूनच ती थांबायची, बाजूला बघून काहीतरी बोलायची आणि पुन्हा चालू लागायची.

बजरंगनं जीप बंद केली. तिच्या मागं जायचं त्याला धाडस झालं नाही.