वारेचा पडदा

“वार कुठंय?” ऑपरेशन थिएटरच्या दारात गजराबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात बाळाची वार पुरायला आणलेलं नवं मडकं होतं.

“आत हाय. नातू बघितला का?” रुद्रम्मा म्हणाली.

“बघितला. वार द्या.”

रुद्रम्मा उमरग्यातल्या या दवाखान्यात सव्वीस वर्षं आया होती. बायका तिचं ऐकतात, म्हणून डॉक्टरांनी आज वारेचं बोलायला तिलाच पाठवलं होतं.

“वर एक पोरगी हाय, समृद्धी. खव्याच्या भट्टीवर भाजली. वारेवर पातळ पडदा असतो, तेवढाच पायजे. डॉक्टर धुऊन जखमेवर लावतेत, कातडी येईपर्यंत. डाव्या हाताला लावला तर तिथली आग थांबली. छाती उघडीच हाय. बाकी वार तुमची तुमाला.”

गजराबाई हसल्या. “आमच्या लेकीच्या, सोनालीच्या बाळंतपणाला तुमीच सांगितलं व्हतं, वार परक्याच्या हाती गेली की बाळ सुकतंय. आता तुमीच मागताव व्हय?”

हे रुद्रम्मानेच घराघराला सांगितलं होतं. लोक मानाने खण देत.

“म्या चुकीचं सांगितलं.”

“तवा चुकीचं, का आता?”

रुद्रम्माने स्ट्रेचरवरच्या निकिताकडे, गजराबाईंच्या सुनेकडे पाहिलं. निकिताने डोळे मिटले. “आत्या म्हणतील तसं.”

आत वार ट्रेमध्ये होती. पडदा सोलायला दोन मिनिटं पुरली असती. कुणाला कळलं नसतं. बाळाला त्याने काही होत नाही, हे डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. तरी तिचा हात पुढे झाला नाही. तिने वार तशीच मडक्यात ठेवली आणि वर फडकं बांधून दिलं.

वरच्या मजल्यावर समृद्धीच्या छातीवरची पट्टी अर्धा तास सलाईनने भिजवून ठेवली होती. तरी ती सुटत नव्हती. ड्रेसिंगला सिस्टरच्या हाताखाली रुद्रम्माच असे.

“मावशी, मिळालं का?”

“न्हाय.”

“उद्या?”

“उद्याच्या यादीत कुणाचं सिझर न्हाय.”

सिस्टरने हातमोजे चढवले. रुद्रम्माने पट्टीचं टोक उचलून धरलं.

“काय झालं वो तिला? पोरगा का पोरगी?”

“पोरगा.”

“चांगलं झालं,” समृद्धी म्हणाली. मग तिने मान वळवली आणि उशीवरच्या टॉवेलचं टोक दातांत घट्ट धरलं.