आपण पोचवतो

वकिलांनी ध्वनिमुद्रण सुरू केले आणि तुरुंगातील धाकट्याचा स्वर त्या बंद खोलीत आईसमोर येऊन उभा राहिला. "काळजी करू नका, आपण पोचवतो." टेम्पोतील पोत्यांखाली अमली पदार्थ सापडले, त्याच्या आदल्या दिवशी तो फोनवर हे बोलला होता.

वकिलांनी सावकाश उलगडून सांगितले. अपिलाचा सारा भार एका शब्दावर होता. खालच्या न्यायालयाने 'आपण' म्हणजे अनेक जण असे धरले आणि वाहतुकीच्या गुन्ह्यावर कटाचा गुन्हा चढवला. तो स्वतःपुरतेच बोलला असे ठरले, तर कटाची दीर्घ शिक्षा गळून पडेल. वाहतुकीची तर भोगून होतच आली होती.

"काकू, तो स्वतःला आपण म्हणतो का?"

"लहानपणापासून. आपण नाही कुणाला भीत, म्हणायचा. आणि अंगणात जायला मी सोबत लागायचे."

वकील हसले. शेजारी बसलेला थोरला हसला नाही. भावांचा टेम्पो एकच होता. दोघे तो आळीपाळीने चालवीत. आईने निःशंक मनाने जबाबावर सही केली आणि तो न्यायालयात दाखल झाला.

तो स्वर मात्र तिच्यामागोमाग घरी आला. भांडी विसळताना, दाराला कडी लावताना, कोणीतरी पाठीशी दबक्या आवाजात अभय देत असे.

भेटीच्या दिवशी काचेपलीकडे धाकटा वाळून काटकी झालेला दिसला. सही झाल्याचे ऐकूनही त्याचा चेहरा उजळला नाही.

"मी सुटेन ना गं?" त्याने विचारले. त्याचा आवाज कापत होता.

आईच्या कानात तो 'मी' अडकला. 'आपण' हा त्याच्या बढाईचा शब्द. भ्याला की तो नेहमी 'मी'च म्हणे; तापात ग्लानीतून हाक मारतानाही. आणि ध्वनिमुद्रणातला त्याचा आवाज असाच कापत होता, तरी तिथे तो 'मी' म्हणाला नव्हता.

प्रश्न त्याने आईला विचारला होता. दृष्टी तिच्या खांद्यावरून मागे, थोरल्याकडे लागली होती. थोरला जमिनीकडे पाहत होता.

"सुटशील," आई म्हणाली.

भेटीची वेळ संपली. थोरल्याने आधारासाठी हात पुढे केला. तो घामाने भिजलेला होता. क्षणभर थांबून तिने तो धरला, आणि घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.