शेवटचं सावधान

आमच्याकडे श्रीगोंद्याच्या बाजूला बिनलग्नाचं माणूस गेलं, की सरणावर न्यायच्या आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावत. तसंच नेलं तर ते भटकतं, म्हणत. मी असली तीन लग्नं पाहिली. तिसरं लंकाचं.

लंकाबाई आमच्या शेजारच्या सूर्यभानची थोरली बहीण. पायांवर कोड होतं, म्हणून तिला मागणी आली नाही. झुंबर पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली, आई-बाप नसलेली पोर. तापानं पडली, टोळी पुढे गेली. लंकानं तिला आपल्या छपरात घेतलं, ती कायमची. वीस-बावीस वर्षं एका चुलीवर जेवल्या. गाव म्हणे, बरं झालं, दोघींना सोबत झाली.

त्र्याण्णव साली, कारखान्याचा हंगाम संपताना लंका काविळीनं गेली. अंगणात तिरडी बांधली. सूर्यभाननं रुईची फांदी तोडून आणली, तांब्यात उभी केली. धोतराचा अंतरपाट झाला, त्याचं एक टोक सूर्यभानकडे आणि दुसरं त्याच्या चुलत्याकडे. मंगलाष्टकं म्हणायला रंगनाथ गुरव होता. मी करवलीच्या जागी, लंकाच्या उशाशी दिवा घेऊन.

तिरडीपाशी बसलेली झुंबर उठली. तिनं फांदी उपसून बाजूला ठेवली आणि तिथे स्वतः उभी राहिली.

"तिचं लगीन झालंय," ती म्हणाली. "माझ्याशी. देवळामागं, आमी दोघीच हुतो. आता चारचौघांत लावा."

कुणीतरी हसलं. सरपंच आप्पासाहेब पुढे आले. त्यांनी आधी समजावलं, की हे शास्त्रात नाही, देवाला चालायचं नाही, उद्या गावातल्या पोरींनी हेच धरलं तर काय करायचं.

"आप्पा, मेल्यावर झाडाशी लावता, ते देवाला चालतं. मी वीस वरसं तिचं पाय चोळलं. मी झाडापेक्षा हलकी व्हय?"

रंगनाथनं सूर्यभानकडे पाहिलं. सूर्यभाननं हातातलं टोक सोडलं नाही. रंगनाथनं खालच्या आवाजात मंगलाष्टकं सुरू केली. आम्ही अक्षता टाकत होतो. शेवटचं कडवं आलं आणि आप्पांनी रंगनाथच्या तोंडावर हात ठेवला. "पुरे. उचला."

शेवटचं सावधान राहिलं. अंतरपाट पाडलाच नाही. तिरडी उचलताना कुणीतरी तो छपरातल्या दोरीवर टाकला.

तो तसाच राहिला. झुंबर त्याला हात लावू देईना. मी भाकरी घेऊन जायची, तर ती त्या धोतरासमोर बसून बोलत असायची. ऊस किती वाढला, शेळी कधी व्याली, असलंच साधं. एकदा भर दुपारी गेले. पान हलत नव्हतं. धोतर मात्र दोन्हीकडून कुणी धरल्यासारखं ताणलेलं. त्याच्या खालून मला अलीकडे झुंबरचे पाय दिसले आणि पलीकडे आणखी दोन पाय. पांढऱ्या डागांचे, ओल्या हळदीचे.

मी वळसा घालून पलीकडे गेले. तिथे कुणी नव्हतं. जमीन कोरडी होती.

"झुंबर, काढ गं ते," मी म्हणाले.

"काढते की वैनी. तेवढं शेवटलं सावधान कुणी म्हनलं की."

तिच्यासाठी मी रंगनाथकडे जाऊन आले. त्यानं हात जोडले. आप्पा देवळाची पूजा काढून घेतील, म्हणाला.

पुढच्या हंगामात पुन्हा टोळ्या उतरल्या. एका दुपारी सूर्यभान मला बोलवायला आला. त्याच्यानं एकट्यानं आत पाऊल टाकवत नव्हतं. धोतर खाली पडलेलं. झुंबर दोरीखाली कुडाच्या भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, अंग गार. कपाळावर ओली हळद. अक्षता सांडल्या होत्या, धोतराच्या दोन्ही बाजूंना.

शेवटचं सावधान म्हणणारा म्हणून माझ्या मनात आधी रंगनाथच आला. पण तो सकाळच्या गाडीनं नगरला कोर्टाच्या तारखेला गेला होता, दिवे लागल्यावर परतला.

त्याआधीच आप्पासाहेब आले होते, हातात रुईची फांदी घेऊन. झुंबरही बिनलग्नाचीच, असा त्यांचा हिशोब. सूर्यभान त्यांच्या आडवा उभा राहिला. आप्पांसमोर त्यानं कधी मान वर केली नव्हती.

"रुई नको आप्पा. हिचं लागलंय."

आप्पांनी त्या अक्षतांकडे पाहिलं. मग त्यांनी फांदी कुडाला टेकवून ठेवली आणि पायातल्या वहाणा काढल्या.

मी झुंबरला हिरवं लुगडं नेसवलं. सूर्यभाननं ते धोतर झटकून तिच्या अंगावर घातलं आणि लंकाला जिथे जाळलं होतं, त्याच जागी तिला नेलं.

आता कुणी आग्रह केला तरच मी लग्नांना जाते. अंतरपाट धरला, की बाकीच्या बाया नवरीचं तोंड बघायला टाचा उंचावतात. माझी नजर आधी खाली जाते, पायांकडे.