पंचवीस प्रतींची शाई

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. छापखाना चालवायचा तर गोड बोलून भागत नाही. पण त्या दुपारी भावोजींनी माझ्याच छापखान्यात उभं राहून मला असं काही ऐकवलं, की त्या रागाचं तोंड माझ्याकडेच फिरलं.

त्याचं झालं असं. माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, चित्रकार आहे. तिने लाकडाच्या फळीवर एक चित्र कोरलं होतं. जेवणाचं टेबल, त्यावर मधोमध पेट्रोल पंपाची नळी, आणि अख्खं कुटुंब आपापले ग्लास तिच्यापुढे धरून बसलेलं. खिडकीबाहेर खाडी, काळीकुट्ट, वर मेलेले मासे. दोन वर्षांपूर्वी रिफायनरीचं तेल खाडीत गेलं, तेव्हा तिने जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेच. माझ्या छापखान्यात प्रती फक्त पंचवीस काढायच्या आणि मग फळीवर आडवी चीर मारायची, म्हणजे सव्विसावी कोणाच्या बापालाही काढता येणार नाही. प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं.

भावोजी त्याच रिफायनरीत फोरमन. तीस वर्षं झालेली, निवृत्तीला चौदा महिने बाकी. चित्रातला पाठमोरा, बनियन घातलेला माणूस कोण, हे सांगायची गरज नव्हती.

नऊ प्रती निघाल्या होत्या तेव्हा ते लेकीचा डबा द्यायला आले. दोरीवर वाळत घातलेल्या कागदांपुढे बराच वेळ उभे राहिले. मग नाक पुढे करून वास घेतला.

"शाई कसली गं ही?"

"काळी," मी म्हटलं.

"ते दिसतंय. तेल कुठलं आहे आत? आणि शाईचा रूळ कशाने पुसतेस?"

मी शाईच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. शाई खनिज तेलातली. रूळ पुसायला रॉकेल. इतकी वर्षं वापरतेय, कधी मनातसुद्धा आलं नव्हतं!

भावोजी हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "वा मेहुणबाई! माझंच तेल घ्यायचं आणि मलाच शिव्या घालायच्या. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून!" मग लेकीकडे वळले. "ह्याच तेलावर शिकलीस बाळा. तेवढं लक्षात ठेव."

ते गेले. पोरीचा चेहरा एवढासा झाला. "मावशी, चित्र कोणी घेवो न घेवो," ती म्हणाली, "बाबांनी एकदा म्हणायला हवं होतं, की पोरगी खोटं बोलत नाहीये. आता कशाला म्हणतील?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग भावोजींचा नव्हता, स्वतःचाच होता. मी नऊच्या नऊ प्रती दोरीवरून ओढल्या आणि टराटरा फाडल्या. शाईचा डबा उचलून बाहेर ठेवला.

"अगं मावशी!"

"गप्प बस. जवसाचं तेल आण पाच लिटर. आपली शाई आपण करू."

माझे वडील जवसाचं तेल आटवून, त्यात दिव्याची काजळी खलून शाई करायचे. मी लहानपणी पाहिलं होतं. पाहणं वेगळं आणि करणं वेगळं, हे पहिल्याच दिवशी कळलं. पहिली शाई इतकी पातळ झाली, की प्रत्येक रेघेभोवती तेलाचा पिवळा डाग पसरला. दुसरी करपली. भाचीच्या भुवया होरपळल्या, पण पठ्ठी हटली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात कढईनेच पेट घेतला. मी पाण्याची बादली उचलून धावले.

"पाणी नको!" फाटकातून कोणीतरी ओरडलं. भावोजी! धावत आले, माझ्या हातातली बादली हिसकावून घेतली, पत्र्याचं झाकण उचललं आणि कढईवर सरकवलं. आग विझली.

"भुवया जळाल्याचं तुझी आई बोलली म्हणून आलो," ते लेकीवर कडाडले. "दोघींनी मिळून छापखाना जाळायला काढलाय का? तेल कधी तापवलंय आयुष्यात?"

"तुम्ही तापवलंय ना," मी म्हटलं, "मग शिकवा की! नुसती नाकं मुरडायला काय जातंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीच्या भुवयांकडे पाहिलं आणि बाह्या सरसावल्या. "गॅस काढ आधी. तोही आमच्याकडचाच. लाकडं आण."

मग दोन दिवस तो माणूस कढईसमोरून हलला नाही. जाळ पुढे-मागे करायचा, उलथण्यावर एक थेंब घेऊन गार करायचा, दोन बोटांत धरून ताणायचा. "तार तुटतेय. अजून नाही." लेक शेजारी बसून काजळी चाळत होती. बोलणं फारसं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी थेंबाची बोटभर लांब तार निघाली आणि भावोजी लहान पोरासारखे ओरडले, "झालं!"

काय शाई होती म्हणून सांगू! अशी काळी मी उभ्या जन्मात छापली नव्हती. माशांचं एकेक खवलं उठून आलं. पंचविसावी निघाली तेव्हा मी स्वतः फळीवर चीर मारली. रूळ आम्ही स्वयंपाकाच्या तेलाने पुसले.

आठ दिवसांनी प्रती वाळल्यावर भाची पेन्सिल घेऊन बसली. नंबर घातले, स्वतःची सही केली, शेजारी छापणारी म्हणून माझं नाव लिहिलं. मग थांबली.

"बाबा, शाई तुमची. पण नाव नको घालूया. तुमचे साहेब बघतील. चौदाच महिने राहिलेत."

भावोजी हात धूत होते. नळ बंद केला, पण वळले नाहीत.

"खाडीत तेल गेलं त्या दिवशी अहवाल मी लिहिला होता," ते म्हणाले. "किती गेलं, कुठून गेलं, सगळं. साहेब म्हणाले, फाडून टाक. मी फाडला. ह्याच हातांनी. तुझ्या आईलाही सांगितलं नाही." मग वळले. डोळे भरलेले होते. "तू काढलंयस ते खरं आहे. लिही माझं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट लिही."

पोरीला रडू आवरेना, अक्षर वाकडं येऊ लागलं. माझा ऊर अभिमानाने भरून आला. दोघांचाही वाटला, खोटं कशाला बोलू. ताईला फोन लावायला मी पाठ वळवली आणि परत बघते तो भावोजींनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली होती. चष्मा लावून, एकेक कागद पुढे ओढत, ते पंचवीसच्या पंचवीस प्रतींवर स्वतः सह्या करत होते.