हजारी दोनशे एकावन्न

"त्या सरासरीत माझा हॉइटही धरलास की काय गं?" लुरीननं विचारलं, आणि तिच्या हातातली सुरी संत्र्यावरच थांबली.

भाड्याच्या घराच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघी संत्री सोलत बसलो होतो. तिचा हॉइट आणि माझा व्हर्लिन, दोघे एकाच बेसबॉल संघाच्या सराव-छावणीत. आज छाटणीचा दिवस. सकाळी आपल्या खुंटीवर गणवेश टांगलेला दिसला, तर राहिलास. खुंटी रिकामी दिसली, तर मॅनेजर प्रॅटच्या खोलीत जायचं, आणि तिथून घरी.

"सगळेच धरले," मी म्हटलं. "लीगमध्ये जो जो बॅट घेऊन उभा राहिला, तो तो. नऊ वर्षांचा हिशोब आहे. सरासरी माणूस हजार वेळा उभा राहिला तर दोनशे अठ्ठेचाळीस फटके मारतो. व्हर्लिनचे दोनशे एकावन्न. तीन जास्त."

"अगं बये, पिचर कधी बॅटिंग करतात का? माझा नवरा चेंडू टाकायला बरा. बॅट हातात आली की माशा हाकलतो. गेल्या सबंध हंगामात चार फटके, त्यातला एक डोळे मिटून." ती हसली. माझं तोंड बघितलं आणि तिचं हसू विरलं. "असली माणसं मोजलीस तर सरासरी खाली येणारच ना, पोरी. पिचर काढून बघ."

मी आतून वही आणली. पिचरांच्या ओळी वजा केल्या. नवी सरासरी आली: दोनशे छप्पन्न.

व्हर्लिन पाचांनी मागे होता. आणि जुन्या हिशोबाचा माझा कागद त्याच्याजवळ होता. सकाळी मीच म्हटलं होतं, "प्रॅटला दाखव. तुला बोलता येत नाही, कागद बोलेल." प्रॅटचा जन्म या आकड्यांत गेलेला. तो एका नजरेत चूक ओळखणार, हसणार, आणि कदाचित तोवर डोक्यात नसलेली व्हर्लिनची छाटणी डोक्यात घेणार.

आमच्या डोंगरात बॅट सुटली की कोळशाची खाण. व्हर्लिनचे वडील तिथली धूळ छातीत घेऊन खोकत गेले. थोरला भाऊ खाली उतरला, तो वर आलाच नाही.

मी एप्रनसकट धावत सुटले. मैलभर रस्ता, पायाखाली शिंपल्यांचा चुरा, आणि प्रत्येक पावलाला एकच धोशा: दाखवू नको, दाखवू नको.

फाटकाशी गणवेश सांभाळणारा म्हातारा जुबल कपड्यांची गाडी ढकलत होता.

"जुबल काका, व्हर्लिनचा चौदा नंबर टांगलाय ना?"

"सावलीत उभी राहा, बाळ," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. गाडीत सगळ्यात वर चौदा नंबर घडी घालून ठेवला होता.

व्हर्लिन बाहेर आला. बुटांच्या नाड्या एकत्र बांधून जोड खांद्यावर टाकला होता.

"दाखवलास?" मी विचारलं.

"नाही."

"चुकलंय ते. मी त्यात पिचर..."

"माहीत आहे. सोमवारीच लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीस?"

तो बुटांची गाठ उगाच चाचपत राहिला. "गोधडीचे तुकडे मोजताना तुझी आई गुणगुणते ना, तशी गुणगुणत होतीस बेरीज करताना. डोंगर सोडल्यापासून ऐकलं नव्हतं."

जुबलनं हळूच हात पुढे केला. "टोपी राहिली रे. ती संघाची."

व्हर्लिननं टोपी काढली. आतली चामड्याची पट्टी उलटी करून त्यानं माझा कागद बाहेर काढला. घड्यांवर घाम मुरून आकड्यांची निळी शाई फुटली होती. टोपी त्यानं जुबलला दिली. कागद मांडीवर दाबून तळव्यानं सपाट केला, पुन्हा चार घड्या घातल्या, शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.