राखाडी ठिपका

कोपर टेकून खुशाल बसा, मित्रांनो. वेल्समधल्या एका छोट्या कॉलेजच्या वाचनालयातले मी ओकचे जुने टेबल. गावातले एक चॅपल, म्हणजे छोटे प्रार्थनाघर, बंद पडले, तेव्हा तिथल्या बाकांच्या लाकडातून सुताराने आम्हाला घडवले. आम्ही दोघे होतो. कडेला कड लावून एकतीस वर्षे उभे राहिलो. पुढे संगणक आले. त्यांना जागा हवी म्हणून माझ्या जोडीदाराला नेले. त्या बाजूची माझी कड अजून उघडी वाटते. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

गेल्या सप्टेंबरात नवी पद्धत सुरू झाली. आठवड्यातले काही तास मुलांनी इथे बसून संगणकावर आपापला अभ्यास करायचा. शिक्षक नसायचे, देखरेख डेलिथबाईंची. बाई इथल्या जुन्या ग्रंथपाल. पूर्वी त्या माझ्याभोवती फिरायच्या आणि कोण अडले आहे ते नुसत्या पाठीवरून ओळखायच्या. आता त्यांच्यासमोर एक पडदा आला. त्यावर प्रत्येक नावापुढे एक ठिपका. संगणकाच्या कळा दाबल्या जात असतील तर तो हिरवा. दहा मिनिटे काहीच दाबले नाही तर राखाडी, आणि तो तास गैरहजर. असे तीन तास झाले की बाईंच्या सहीने नाव परीक्षेच्या यादीतून कमी. पडद्यावरून नजर हलवू नका, असे विभागप्रमुख वॉन यांनी बजावले होते. बाईंना यंत्राची धास्ती होती. त्यांनी नजर हलवली नाही.

माझ्याजवळ सेरियन बसायची. तिला नर्स व्हायचे होते आणि औषधाच्या मात्रांची गणिते सुटल्याशिवाय ते होणार नव्हते. परीक्षेची ही तिची दुसरी खेप. तिसरी मिळत नाही. पडद्यावरचा प्रश्न वाचून ती तो कागदावर सोडवायची. पेन्सिल इतकी दाबायची की प्रत्येक आकडा मला कळायचा. एखाद्या अवघड गणिताला पंधरा-पंधरा मिनिटे लागायची. मग उत्तर पडद्यावर, कागद रद्दीत. ठिपके मुलांना दिसत नसत.

शेजारची मॅबली कळफलकावर केळे ठेवून नखे रंगवायची. "माझं केळं पहिल्या नंबरानं पास होणार बघ," असे ती सेरियनला चिडवायची. सेरियनला ती नुसती थट्टा वाटायची. तिचा ठिपका तासभर हिरवागार.

एका गुरुवारी सकाळी वॉन कागद घेऊन आले. सेरियन हॉवेल्स, तीन तास गैरहजर. मी इथेच होते, ती म्हणाली. वॉन दुष्ट नव्हते. विश्वास ठेवायला मी तयार आहे, पण कागद दाखव, नाहीतर कोणी पाहिले ते सांग, असे ते म्हणाले. रद्दी सोमवारीच गेली होती. तिन्ही तासांतला एकेक आकडा मला ठाऊक होता. पण टेबलाला कोण विचारतो?

सगळे डेलिथबाईंकडे पाहू लागले. त्यांच्या हातात पेन होते.

"मिस, तुम्ही पाहिलंत ना मला?"

बाईंचा दुसरा तळवा माझ्यावर होता. तो घामाने ओला झाला. खोटे 'हो' म्हणून सुटता आले असते.

"नाही, पोरी. चार हातांवर बसून मी ठिपके बघत होते." मग त्या वॉनकडे वळल्या. "हिला गैरहजर लिहायचं तर माझंही नाव लिहा. त्या तीन तासांत मी तरी कुठं हजर होते?"

मॅबलीने केळे उचलून वॉनसमोर ठेवले. "आणि हे घ्या, सर. याची हजेरी शंभर टक्के आहे."

वॉननी त्या केळ्याकडे पाहिले. मग म्हणाले, एक तास देतो, हिने समोर बसून गणिते कागदावर सोडवून दाखवावीत. पडदा बंद करा.

बाई सेरियनच्या समोर बसल्या. चार गणिते. पहिली दोन सुटली. तिसऱ्यात दशांश चिन्ह चुकले. दहापट औषध. मला कळले, बाईंनाही दिसले, पण सांगायचे नव्हते. त्यांनी माझी कड घट्ट धरली. सेरियन चौथे गणित संपवून उठू लागली, थबकली, पुन्हा बसली. तिने तिसरे गणित खोडले आणि नव्याने मांडले.

वॉननी उत्तरे तपासली आणि सही न झालेला कागद घडी करून खिशात घातला. पोर रडली. बाई मात्र तशाच बसून होत्या.

"मागच्या महिन्यात मी दोन नावांवर सही केलीय," त्या हळूच म्हणाल्या.

दुपारी त्यांनी दोन्ही घरी फोन लावले. एक मुलगा सोमवारी परत आला. दुसऱ्या घरचे लोक गाव सोडून गेले होते. कुठे, ते कोणालाच माहीत नव्हते.

मित्रांनो, यंत्रे येऊ द्या. माझा त्यांच्यावर राग नाही. एवढेच मागतो, समोरच्या माणसाकडे तो समोर असतानाच बघा. नंतर विचारायला कोणी सापडतेच असे नाही.