नळाची किल्ली

वांजिरूनं म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या त्या केअर होममध्ये ती बरीच वर्षं काम करत होती. नव्या माणसाची खोली लावताना तिच्या हाती एक फोटो आला. नैरोबीतली नदीकाठची उंच इमारत, आणि तिच्यापुढे फीत कापणारा हाच म्हातारा, दीनानाथ. त्या जागी पूर्वी त्याच्याच मालकीच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. वांजिरू त्याच रांगेत वाढली होती.

पक्षाघातानं दीनानाथची वाचा गेली होती. डावा हात तेवढा हलायचा. ऐकू मात्र यायचं, आणि सगळं कळायचं.

त्याची मुलगी श्रुती जवळच्या लोअर हट गावात फार्मासिस्ट होती, दर रविवारी यायची. तिचं बालपण नैरोबीतलं. वांजिरू तिथलीच आहे म्हटल्यावर ती हरखली.

"बाबांशी स्वाहिलीत बोलत जा हं," ती स्वाहिलीतच म्हणाली. "त्यांना बरं वाटेल."

"बोलेन की," वांजिरू म्हणाली.

दुसऱ्या सकाळी त्याचं अंग पुसता पुसता तिनं सुरुवात केली. आवाज हळू, अगदी गोड.

"साहेब, मी तुमच्या रांगेतल्या शेवटच्या खोलीतली. आम्ही कसे जगायचो ते तुम्हाला ठाऊक नसेल. तेल आम्ही बाटलीनं कधी घेतलं नाही. दुकानदार पळीनं ओतायचा, तेवढ्या तेलात त्या दिवसाची भाजी. कोळसाही डब्यानं मोजून. नळ तुमचा एकच. कॅन भरायला पैसे, संडासाला पैसे. सुट्टे नसले की आई म्हणायची, अंधार पडेपर्यंत धरून ठेव."

रोज थोडं थोडं. बायका भल्या सकाळी श्रीमंतांच्या फ्लॅटांच्या कुंपणाशी जाऊन बसायच्या, कोणी धुणं धुवायला बोलावतंय का बघत. नाही बोलावलं तर शेजारणीच्या चुलीवरचं खायचं. उद्या तिला आपल्याकडचं द्यायचं. भिशीत आईचा नंबर लागला तेव्हा जुनं शिलाई मशीन घरात आलं, आणि त्या मशीनवर घर चाललं.

दीनानाथ तोंड फिरवायचा. ती गालाला हात लावून ते अलगद परत वळवायची. तिनं कधी चिमटा काढला नाही, कधी जेवण चुकवलं नाही. त्याची नखंसुद्धा ती नीट कापायची. पुण्याची नर्स सिद्धी सगळ्यांना सांगायची, हिच्यासारखी माया कोणी करत नाही. एकदा त्याच्या डोळ्यांतून पाणी येताना बघून ती कळवळली.

"घरची आठवण येते वाटतं बिचाऱ्यांना."

"हो," वांजिरू म्हणाली. "आठवतंय त्यांना."

आगीचं मात्र तिनं राखून ठेवलं होतं. ते ऐकणारी आणखी एक जण हवी होती.

एका रविवारी श्रुती फिजोआ फळाचा गर चमच्यानं काढून वडिलांना भरवत होती. "तू यांना रोज काय सांगतेस गं? मलाही सांग ना."

वांजिरूनं दार लावून घेतलं.

"तुमच्या वडिलांना तिथं इमारत बांधायची होती, मॅडम, आणि आम्ही खोल्या सोडत नव्हतो. जाणार कुठं? एक दिवस सकाळीच नळाला कुलूप लागलं. किल्ली साहेबांकडेच असायची. दुपारी पहिल्या खोलीपाशी आग लागली. लोक कॅन घेऊन नळाकडे धावले. कुलूप तुटलं तोवर अर्धी रांग पेटली होती. माझी आई बाहेर आली होती. मशीन आणायला परत आत गेली."

श्रुतीचा चमचा थांबला. "शॉर्टसर्किट झालं होतं. लोकांनी चोरून वीज घेतली होती म्हणून. बाबांनीच सांगितलंय मला."

"विचारा त्यांना."

श्रुतीनं वडिलांचा डावा हात हातात घेतला. "बाबा, ही खोटं बोलतेय ना?" ती मराठीत म्हणाली. "तुम्ही नळ बंद केला नव्हता. नसेल केला तर माझा हात दाबा."

वांजिरूला मराठी कळत नव्हती. पण हात दिसत होता.

"बाबा, दाबा ना!"

दीनानाथनं डोळे मिटून घेतले. हात तसाच पडून राहिला.

श्रुतीनं सवयीनं त्याच्या हनुवटीवरचा रस पुसला, पर्स उचलली आणि निघून गेली. तिनं तक्रार केली नाही. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सिद्धीला फोन करून "जेवले का?" एवढं विचारायची आणि ठेवून द्यायची.

शेवटी सिद्धीनं वांजिरूला विचारलं. वांजिरूनं काही लपवलं नाही. सिद्धीनं ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला.

"तुला दुसऱ्या खोलीचं काम देऊ?"

"नको."

"निदान सांगणं तरी थांबव आता."

"ते संपलं," वांजिरू म्हणाली.

रविवारी तिनं दीनानाथला इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि त्याची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली.

"आज येईल कदाचित," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली.

येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर चहाचे ट्रे नेता-आणताना ती त्या खोलीत डोकावत होती. तो दाराकडेच बघत होता. प्रत्येक वेळी तिला बरं वाटत होतं.